रागीट शेफचा शो घरच्यांसोबत कसा बघायचा (सांगलीकर पद्धत)

आमच्या घरात ह्या रागीट शेफवरून, म्हणजे टीव्हीवरच्या गॉर्डन रॅमसेवरून, जेवढी भांडणं झालीत तेवढी शेताच्या बांधावरून पण झाली नसतील. तो माणूस स्कॉटलंडात जन्मलेला, लंडनात हॉटेल काढलेला, सांगली कुठं आहे हे पण त्याला माहीत नसणार, पण विश्रामबागेतल्या आमच्या हॉलमध्ये रविवारी रात्री जेवणं उरकली की त्याच्यावरून दोन पार्ट्या पडतात म्हणजे पडतातच. अण्णा म्हणतात हा अन्नाचा अपमान करतो, भरलं ताट कचऱ्यात टाकतो, असल्याला घरात घ्यायचं नाही. आईला त्याच्या बीपीची काळजी. बायको म्हणते माझा साहेब असा बोलला असता तर दुसऱ्या दिवशी राजीनामा तोंडावर मारला असता, आणि तरी एपिसोड संपेपर्यंत जागची हलत नाही. पुतण्या अकरा वर्षांचा, त्याला फक्त शिव्या पाहिजेत. शेजारच्या काकू एकदा अर्धा तास बसल्या आणि म्हणाल्या, "ह्यात काय एवढं, आमच्या सासूबाई असंच बोलायच्या, फक्त मराठीत," आणि दूध तापत ठेवलंय म्हणून उठून गेल्या.

तर दोन वर्षं मार खाऊन मला एक पद्धत सापडलीय, ती सांगतो. ज्यांच्या घरी माणसं सात आणि टीव्ही एक त्यांच्यासाठीच हे आहे, एकटे मोबाईलवर बघत असाल तर तुम्हाला ह्याची गरज नाही, निवांत बघा.

आधी सुरुवात कुठून करायची ते. मी चुकलो ते इथंच. मी पहिल्यांदा डायरेक्ट अमेरिकेचं हेल्स किचन लावलं, ते २००५ पासून चालू असलेलं, शेफ लोकांची स्पर्धा, लाल टीम निळी टीम आणि हा मधे उभा राहून सगळ्यांचा उद्धार करतोय. दहा मिनिटांत अण्णांनी रिमोट घेतला आणि बातम्या लावल्या, तिथं पण लोक ओरडतच होते पण ते त्यांना चालतं. असं करू नका. आधी ब्रिटनचं किचन नाईटमेअर्स लावा, २००४ ला चॅनल फोरवर सुरू झालेलं. बंद पडायला आलेल्या हॉटेलात हा जाऊन राहतो, फ्रीज उघडतो, जेवून बघतो, मालकाशी बोलतो, आणि नंतर काही दिवसांनी परत जाऊन काय झालं ते बघतो. बॅकग्राऊंडला त्याचाच आवाज, बाहेर पाऊस, मालक कर्जात बुडालेला. शिव्या त्यात कमी नाहीत, उलट जास्तच आहेत, पण माणूस माणसासारखा दिसतो. मग तेच २००७ ला अमेरिकेत गेलं आणि तिथं दर दोन मिनिटाला ढँण्ण करून म्युझिक, दार आपटलं की तीन वेळा दाखवणार, आपल्या सिरीयलमधल्या सुनेच्या चेहऱ्यासारखं. म्हणून आधी ब्रिटिश, मग अमेरिकन, आणि हेल्स किचन सगळ्यात शेवटी. ज्या दिवशी घरात आधीच काहीतरी बिनसलंय त्या दिवशी मास्टरशेफ ज्युनिअर, ते वेगळंच प्रकरण आहे, त्यावर येतो.

आता मेन गोष्ट. आवाज बंद करायचा.

हे मला कसं सापडलं ते सांगतो कारण ह्यात माझी हुशारी काही नाही. बहीण माहेरी आली होती, बाळ हॉलमध्येच झोळीत झोपलेलं, म्हणून टीव्हीचा आवाज शून्य आणि खाली इंग्रजी सबटायटल. त्यात तासगावहून मामा आलेले. मामा आमचे आचारी, तीसेक वर्षं लग्नाची जेवणं करतात, चारशे पानांच्या मसालेभाताला मीठ ओंजळीनं टाकतात आणि चुकत नाही. इंग्रजी अजिबात येत नाही, वाचायला पण नाही. म्हणजे ह्या माणसापर्यंत रॅमसेची एकही शिवी पोचली नाही, त्यांनी फक्त हात बघितले.

पाच मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले, "ह्यो गडी सारखा चाखायलाय बघ."

मी म्हटलं शेफ आहे तो, चाखणारच.

"आरं पण ते पोरगं बघ. ते चाखतच न्हाई. तसंच पुढं ढकलायलंय. म्हणून वरडायलाय त्यो."

आणि खरंच की ओ, मी त्या शोचे पन्नास एक एपिसोड बघितले असतील पण हे माझ्या डोक्यात कधी नीट बसलं नव्हतं. आवाज असला की आपण त्याच्या तोंडाकडे बघतो, आवाज गेला की हाताकडे. तो मांस बोटानं दाबून बघतो, सॉस चाखतो, ताट उचलून उजेडात धरतो, आणि समोरचा बहुतेक वेळा ह्यातलं काहीच न करता ताट पुढं सरकवून मोकळा झालेला असतो. मग रिसोट्टो आला, म्हणजे इटलीचा मऊ भात. हेल्स किचनमध्ये रिसोट्टोवरून जेवढी पोरं रडलीत तेवढी कशावरून रडली नसतील. मामांनी दोन मिनिटं निरखून बघितलं आणि हसायलाच लागले, "ह्यो तर गुरगुट्या भात! एवढ्यासाठी रडायलेत व्हय?" पण मग स्वतःच म्हणाले की तसं नाही, फडफडीत भात आधण बघून टाकला आणि झाकण ठेवलं की सोडून देता येतो, असल्या भाताला मात्र उभं राहावं लागतं, थोडं थोडं पाणी घालत हलवत, आणि काढायची वेळ गेली की खळ. रिसोट्टोचं अगदी तेच आहे, तिकडं पाण्याऐवजी स्टॉक, म्हणजे भाज्या नाहीतर हाडं उकळून काढलेलं पाणी, पळी पळीनं घालतात एवढाच फरक. एक शब्द न कळता माणसानं अख्खा एपिसोड समजून घेतला.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. प्रत्येक एपिसोडला पहिली पाच मिनिटं आवाज बंद, आणि सगळ्यांनी एकच बघायचं, तो ओरडतोय तेव्हा त्याचं बोट कुठं आहे. ताटाकडे आहे का, फ्रीजकडे आहे का, का माणसाकडे. पुतण्याला एक जुनी वही दिली, तीन रकाने आखून, त्यात तो रेघा मारतो. अमेरिकन एपिसोडला माणसाचा रकाना भरून वाहतो, ब्रिटिशला ताट आणि फ्रीज. ह्याचा एक फायदा झाला जो मी धरला नव्हता. आधी हा पठ्ठ्या आजीनं भाकरी वाढली की "इट्स रॉ", म्हणजे कच्चं आहे, करून ओरडायचा, भाकरी चांगली पापुद्रा सुटलेली असली तरी, आणि एकदा त्यावरून पाठीत धपाटा पण खाल्ला. आता वहीमुळे तो हिशोबनीस झालाय, त्याला मोजायचं असतं, ओरडायला वेळ नसतो.

भांडण झालंच तर हीच वही काढायची. अण्णा म्हणाले अपमान करतो, तर विचारायचं कुणाचा, ताटाचा का माणसाचा. कच्चं चिकन गिऱ्हाइकापुढं जाण्याआधी कचऱ्यात टाकलं तर तो अन्नाचा अपमान का गिऱ्हाइकाचा मान, ह्यावर आमच्याकडे अजून एकमत नाही, पण निदान भांडण मुद्द्यावर येतं. आणि जिथं तो एखाद्याच्या जाडीवर नाहीतर अकलेवर घसरतो तिथं मी त्याची बाजू घेत नाही, तुम्ही पण घेऊ नका, तिथं त्याला मार्क नाहीत.

काही गोष्टी बघता बघता घरच्यांना समजावून सांगाव्या लागतात नाहीतर तो उगाच वेडा वाटतो. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, हा आतून लाल मांस बरोबर म्हणतो आणि चिकन जरा गुलाबी दिसलं की आभाळ डोक्यावर घेतो, हे कसं काय. तर मोठ्या जनावराच्या मांसाचा अखंड तुकडा असला की जंतू मुख्यतः वरच्या बाजूला असतात, बाहेरून कडक भाजलं की गेले. कोंबडीत तसं नसतं, ती आतपर्यंत शिजावी लागते, मधे ७४ डिग्री सेल्सिअसपर्यंत गेली पाहिजे. म्हणजे गुलाबी चिकनवर त्याचं ओरडणं हे नखरे नाहीत, लोक आजारी पडतात. मांसाचं ते सगळं बघायला अण्णांना आवडत नाही, त्या वेळेला ते बडीशेप आणायला उठतात, आम्ही पण थांबवत नाही.

दुसरं म्हणजे फ्रीज. किचन नाईटमेअर्समध्ये तो शीतखोलीत शिरला की सगळ्यांना चूप करून नीट बघायला लावा कारण खरा शो तिथं आहे. कच्चं चिकन आणि शिजवलेलं चिकन एकाच घमेल्यात, बुरशी आलेल्या भाज्या, डब्यावर तारीख नाही. हे बघून आईनं दुसऱ्या दिवशी आमचा फ्रीज काढला, त्यात गणपतीतल्या खोबऱ्याच्या सारणाचा डबा निघाला, तेव्हा संक्रांत जवळ आली होती. त्या दिवसापासून आई रॅमसेच्या पार्टीत आहे, बीपीची काळजी तेवढी चालू आहे.

आणि मेन्यू. हा गेला की जवळजवळ ठरलेलं असतं, मेन्यू कार्ड कापणार. पन्नास पदार्थांचे दहाबारा करणार, ताजं करा, थोडं करा. हे आपल्याला चटकन पटतं कारण आपल्याकडे दोन्ही नमुने बघायला मिळतात. मिरजेकडे जाताना एखाद्या खानावळीच्या फळ्यावर खडूनं चार ओळी, मटण थाळी, चिकन थाळी, अंडा थाळी, शाकाहारी, आणि आत बसायला जागा नाही. आणि हायवेला तो पंजाबी चायनीज साऊथ इंडियन पावभाजी पिझ्झा सगळं मिळणारा, कार्ड प्लास्टिकचं चौदा पानी, गिऱ्हाईक दोन आणि ते पण बाथरूमसाठी थांबलेले. माझा एक मित्र खानावळ चालवतो, तो म्हणाला हे सांगायला विलायतेहून माणूस कशाला, माझ्या आजीनं पण सांगितलं असतं. बरोबर आहे, पण आजीनं सांगितलेलं कोण ऐकतो.

आता "हे सगळं फेक आहे" म्हणणारा एकजण प्रत्येक घरात असतो, आमच्याकडे तो माझा मेव्हणा. त्याच्यासाठी एक गोष्ट पाठ करून ठेवा. ब्रिटिश शोच्या पहिल्या हॉटेलाबद्दल लंडनच्या इव्हनिंग स्टँडर्ड पेपरनं छापलं होतं की हे बनवाबनवी करून दाखवलंय, रॅमसे कोर्टात गेला आणि २००६ ला त्याला ७५ हजार पाउंड भरपाई मिळाली. ह्यानं मेव्हणा गप्प बसतो. पण आपण प्रामाणिक राहायचं, अमेरिकन शोमध्ये एडिटिंगची फोडणी भरपूर आहे, कुणी डोळे वटारतंय ते आत्ताच्या वाक्यावर का तासाभरापूर्वीच्या ते कळत नाही. आणि त्यानं सुधारून दिलेली बरीच हॉटेलं नंतर बंद पडलीत, हे पण खरं आहे, आठवडाभरात रंग बदलतो, कर्ज तिथंच असतं. पुतण्याला आवडणारा तो ब्रेडच्या दोन स्लाईस डोक्याला लावून "इडियट सँडविच" वाला सीन, तो तर कुठल्या किचनमधला नाहीच, २०१५ ला जेम्स कॉर्डनच्या अमेरिकेतल्या गप्पांच्या शोमध्ये केलेली कॉमेडी आहे, सरळ ॲक्टिंग. हे सांगितल्यावर पोरगं दोन दिवस नाराज होतं.

मेदुवड्याचा विषय निघणार, त्याची तयारी ठेवा. २०१७ ला आपल्याकडच्या कुणीतरी त्याला ट्विटरवर मेदुवडा सांबार चटणीचा फोटो पाठवून विचारलं कसं आहे, तर ह्यानं उत्तर दिलं की जेलमधून ट्विट करता येतं हे मला माहीत नव्हतं. त्यावरून अख्खा देश पेटला. आमच्याकडे बायको पेटली, म्हणजे तिला मेदुवडा फार आवडतो असं पण नाही. ह्यावर माझं मत, फोटो खरंच बेकार होता, ताट पण तसलंच खणाखणाचं होतं, पण ज्याला रस्त्याकडेच्या हॉटेलात सकाळी सातला सांबारात वडा बुडवून खायचं सुख माहीत नाही त्याचं मत किती धरायचं. ताटाच्या दिसण्यावर तो पास, चवीवर त्यानं परीक्षाच दिली नाही. हे वाक्य मी वापरतो, बायकोला पटतं.

इथं एक जरा वेगळं सांगायचंय. मी हॉटेल मॅनेजमेंट केलंय आणि पुण्यात एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये सात महिने होतो. तिथल्या साहेबाला रॅमसे व्हायचं होतं. एकदा ग्रेव्ही खाली लागली म्हणून त्यानं गरम पळी फेकली, मला नाही लागली, शेजारच्या पोराच्या मनगटावर बसली, आणि त्या पोरानं थंड पाण्याखाली हात धरून दुसऱ्या हातानं कांदा परतायला सुरू ठेवला कारण ऑर्डर थांबत नव्हत्या. ग्रेव्ही का लागली, ती कशी वाचवायची, हे त्या साहेबानं कधीच सांगितलं नाही. त्याला फक्त ओरडणं जमत होतं. म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की बघा असा कडक माणूस पाहिजे म्हणजे पोरं सुधारतात, तेव्हा मी टीव्ही पॉज करतो आणि हे सांगतो. रॅमसेला २००१ ला तीन मिशलिन स्टार मिळालेत, हॉटेलातल्या जेवणाला मिळणारा मोठा मान, ते टायरवालेच देतात ते, आणि त्याच्या चेल्सीच्या हॉटेलानं ते वीस वर्षांपेक्षा जास्त टिकवलेत, ते ओरडून नाही मिळालेले, दाबून दाबून आणि चाखून चाखून मिळालेत. आणि हा स्वतः पण रडलेला आहे बरं का, तरुणपणी मार्को पिअर व्हाईट ह्या नावाजलेल्या ब्रिटिश शेफच्या हाताखाली होता, तो मार्को ह्याच्यापेक्षा भयंकर. म्हणजे काकूंचं बरोबर निघालं, सासूनं छळलं की सून मोठी होऊन तेच करते. नाहीतर आपल्याच जिल्ह्यातल्या कुंडलच्या कमलाबाई ओगले, त्यांना सव्वा लाख सुनांची सासू म्हणायचे, वाटी चमच्याच्या मापानं अख्ख्या महाराष्ट्राला स्वयंपाक शिकवला बाईनं, कुणाला इडियट म्हटल्याचं ऐकिवात नाही. आणि आपल्या टीव्हीला १९९३ पासून संजीव कपूर हसत हसत शिकवत आलेत, म्हणून आपल्याला हा गोरा जास्त टोचतो असं मला वाटतं.

खाण्याचं पण ठरवून ठेवा. पोटभर जेवूनच बसायचं, उपाशी पोटी हा शो बघितला की आपल्याच घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवायची खाज सुटते, आणि त्याचे परिणाम मी भोगलेत. वाडग्यात भडंग घ्या, पण भडंग आवाज न करता खाता येत नाही त्यामुळे सबटायटल लागतातच. आणि शिव्यांचं म्हणाल तर टीव्ही चॅनलवर बीप असतं, फोनवरून लावून दिलं की नसतं, म्हाताऱ्या माणसांपुढं आधी चेक करून घ्या. त्याच्या एका शोचं नावच द एफ वर्ड होतं, एफ म्हणजे फूड असं मी आईला सांगून ठेवलंय.

मास्टरशेफ ज्युनिअरचं राहिलंच. २०१३ ला सुरू झालं. त्यात हाच माणूस आठनऊ वर्षांच्या पोरांपुढं गुडघ्यावर बसून हळू आवाजात बोलतो. ते बघून पहिली प्रतिक्रिया सगळ्यांची हीच असते, येतंय की ह्याला नीट बोलायला, मग मोठ्यांशी का नाही. ह्याचं उत्तर माझ्याकडे पण नाही, पण प्रश्न पाडायला हा शो चांगला आहे.

आणि सगळ्यात शेवटी, म्हणजे घरच्यांनी आठदहा एपिसोड पचवल्यावर, मास्टरशेफ अमेरिकेचा तिसरा सीझन लावा, २०१२ चा. त्यात क्रिस्टीन हा नावाची स्पर्धक आहे, तिला दिसत नाही, आणि तो सीझन तीच जिंकली. तिला ॲपल पाय, म्हणजे पारीत सफरचंदाचं सारण भरून भाजलेला प्रकार, करायला दिलेला, आणि तिला खात्री की आपला फसलाय, रडायच्या बेतात उभी. रॅमसे पुढं येतो, तो पाय दिसतो कसा, रंग काय आलाय, कडा कशा झाल्यात हे तिला शब्दांत सांगतो, आणि मग सुरी त्या पायच्या वरच्या पारीवरून घासतो, खर्र खर्र, तिला ऐकू जावं म्हणून. हा सीन मात्र आवाज चालू ठेवूनच बघायचा. आमच्याकडे तो लागला तेव्हा मामा परत आलेले होते, त्यांना शब्द कळले नाहीत पण ती खर्र खर्र कळली. म्हणाले, चिरोट्याचा असाच आवाज यायला पाहिजे, ते पोरीला कानातनं दाखवायलाय. अण्णा काही बोलले नाहीत, रिमोट मात्र टीपॉयवरच राहिला.

मी मामांना विचारलं, मग घेणार का ह्याला तुमच्या हाताखाली. मामांनी खरंच विचार केला, भडंगातले शेंगदाणे वेचत.

"भट्टीवर घेतो की. चाखणारा माणूस हाय. पण पंगतीत सोडणार न्हाई, तिथं असा वरडला तर सगळं वऱ्हाड पानावरनं उठंल, आणि पैसं माझं अडकतील."